गच्चीवरचे साक्षीदार

झोपेत पाय झाडणाऱ्या माणसाला आपण पाय झाडतो हे ठाऊकच नसतं. सकाळी उठल्यावर गोधडी खाली पडलेली दिसते, डोळे चुरचुरतात, रात्रभर झोपूनही अंग जड वाटतं. एवढंच त्याच्या हाती लागतं. मधल्या सात-आठ तासांत काय घडलं ते शेजारी निजलेल्यालाच माहीत असतं. ताप आला, पोट दुखलं, तर रोगी स्वतः सांगतो आणि डॉक्टर ऐकतात. झोपेच्या आजारांत रोग एकाला आणि त्याची हकीकत दुसऱ्याला, अशी वाटणी होते. हा दुसरा माणूस दवाखान्यात सोबत गेला नाही, तर अर्धा आजार घरीच राहतो. गेली काही वर्षं माझ्या मनात हे घोळत आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या खान्देशात असे साक्षीदार पूर्वी भरपूर होते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घराच्या भिंती रात्री अकरापर्यंत धग सोडत राहतात. म्हणून तिन्हीसांजेला धाब्याच्या घराच्या मातीच्या छतावर नाहीतर गच्चीवर पाणी मारायचं, फरशी जरा निवली की सतरंज्या आणि वाकळी अंथरायच्या, म्हाताऱ्यांसाठी बाजा वर चढवायच्या. सगळं घर एका ओळीत झोपायचं. शेजारच्या गच्चीवरचेही दिसायचे, कठडा असून नसल्यासारखा. कोण घोरतं, कोण दात खातं, कोण झोपेत पैशांचा हिशेब करतं, कोणाचा हात कोणाच्या तोंडावर पडतो, याची अख्ख्या गल्लीला खबर. सकाळी चहा पिताना त्यावर हसणंही व्हायचं. त्या हसण्यात किती वैद्यकीय माहिती वाया जात होती, हे मला फार उशिरा उमगलं.

मी डॉक्टर नाही. शाळेत जीवशास्त्र शिकवते. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठच्या गावात वाढले, आता जळगावला असते. चेतासंस्थेचा धडा वर्षानुवर्षं शिकवताना मेंदू, मेरुरज्जू, प्रतिक्षिप्त क्रिया सगळं फळ्यावर काढत आले. तेच सगळं आमच्या गच्चीवर रात्री चालू असायचं.

आधी साधी गोष्ट. डोळा लागता लागता एकदम दचकायला होतं, पायरी चुकल्यासारखं किंवा विहिरीत पडल्यासारखं वाटतं, पाय ताडकन उडतो आणि माणूस जागा होतो. हे बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतं. जागेपणाची यंत्रणा सैल पडत असताना स्नायूंना एखादा चुकार झटका मिळतो. जास्त दमणूक, अपुरी झोप, रात्रीचा कडक चहा यांनी तो वाढतो. यात रोग काही नाही. कुणी सांगितलं की सांगणाऱ्याला धीर द्यावा आणि पुढं जावं.

तान्ह्या बाळाचं मात्र पुढं जाण्यासारखं नाही, तिथं थांबून बघावं. झोपलेलं बाळ हसतं, ओठ काढतं, बोटं थरथरतात, पाय टुणकन उडतो. आमच्याकडे म्हणतात सटवाई हसवते, सटवाई रडवते. बाळंतिणीच्या खोलीत बसलेल्या बायका हे बोलतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसते, कौतुक असतं. विज्ञानही अलीकडे तिथं कौतुकानंच बघू लागलं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मार्क ब्लूमबर्ग यांनी उंदरांच्या पिल्लांच्या आणि माणसांच्या बाळांच्या झोपेतल्या या झटक्यांचा पुष्कळ अभ्यास केला. पूर्वी समजूत होती की स्वप्नाचा काही अंश स्नायूंत सांडतो, म्हणून ही हालचाल. त्यांच्या कामातून वेगळंच दिसतं. बोट उडतं, त्या उडण्याची संवेदना मेंदूकडे परत जाते, आणि ती शांत झोपेत एकटीच पोहोचत असल्यामुळे मेंदूला नेमकं कळतं की हा स्नायू हलवला की हा अवयव असा हलतो. बाळ झोपेत स्वतःच्या शरीराची ओळख करून घेत असतं. सटवाई सहाव्या दिवशी कपाळावर काय लिहिते ते मला वाचता येत नाही, पण त्या रात्री बाळाच्या मेंदूत काहीतरी लिहिलं जातं हे खरं आहे.

आता मायची गोष्ट. हा लेख खरं तर तिच्यासाठीच आहे.

माय संध्याकाळपर्यंत ठणठणीत असायची. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणी लागली की दिवसभर वाकून, पाठीला ओटी बांधून, घरी येऊन चुलीपुढं बसायची. भाकरी थापून होईपर्यंत काही नाही. जेवणं उरकून अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. "पायस्मा किडा चालतस," असं ती अहिराणीत म्हणायची. पोटऱ्यांच्या आत, हाडाजवळ, कुणीतरी सुळसुळतंय. दुखणं म्हणावं तर दुखणं नाही, मुंग्या म्हणाव्यात तर त्याही नाहीत. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही आणि हलवला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. मग आम्हा पोरींना पोटऱ्यांवर उभं राहायला सांगायची. जुन्या लुगड्याची पट्टी काढून गुडघ्याखाली घट्ट बांधायची. तेवढ्यानंही भागलं नाही की उठून ओट्यावरच्या गार फरशीवर अनवाणी फेऱ्या मारायची. मध्यरात्री जाग आली की तिच्या पाटल्यांचा आवाज कानावर यायचा, माय इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहाटे तीननंतर पाय निवायचे आणि तिचा डोळा लागायचा. पाचला उठून पुन्हा पाणी भरायचं.

सगळ्यांचं निदान एकच, दमते बिचारी. दवाखान्यात कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या, दुखण्याच्या मिळाल्या, एकदा "मनावर घेऊ नका" असा सल्लाही मिळाला. मनावर घेण्याचा आजार हा बायकांना फार स्वस्तात मिळतो. मला त्या सल्ल्याचा आजही राग येतो. कारण ज्या चार-पाच प्रश्नांनी हा आजार ओळखता येतो, ते प्रश्न विचारायला कोणतंही यंत्र लागत नाही. पाय हलवावेसे वाटण्याची अनावर ओढ आहे का? बसल्यावर, पडल्यावर ती वाढते का? चाललं, ताणलं की कमी होते का? संध्याकाळी-रात्री जास्त असते का? पेटके, सूज, सांधेदुखी अशा दुसऱ्या कारणानं हे होत नाहीये ना? मायची उत्तरं ऐकायला त्या खोलीत दोन मिनिटं लागली असती.

या आजाराला इंग्रजी नावावरून रेस्टलेस लेग्ज म्हणतात, अस्वस्थ पाय. लंडनचे वैद्य थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात असे रोगी वर्णन करून ठेवले होते. अंथरुणात पडल्यावर हातापायांत अशी काही उलघाल होते की छळ सोसणाऱ्या माणसासारखी त्यांची झोप उडते, अशा आशयाचं ते वर्णन आहे. पुढं स्वीडनचे कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ साली पुष्कळ रोगी तपासून त्याला आजचं नाव दिलं. म्हणजे माय ओट्यावर फेऱ्या मारत होती तेव्हा तिच्या दुखण्याला नाव मिळून कितीतरी वर्षं झाली होती.

तिच्या पायांची दुसरी बाजू तिला माहीतच नव्हती, ती आम्हाला माहीत होती. डोळा लागल्यावरही पाय थांबायचे नाहीत. आधी अंगठा वर उचलला जायचा, मग घोटा वर वळायचा, गुडघा किंचित दुमडायचा आणि पाय सैल पडायचा. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी तिच्या पायाशी झोपायचे, म्हणून मला त्याची लय पाठ होती. पुढं कळलं की हे मोजण्याचे नियम ठरलेले आहेत. एकेक हालचाल अर्ध्या सेकंदापासून दहा सेकंदांपर्यंतची, दोन हालचालींत ५ ते ९० सेकंदांचं अंतर, बहुतेकदा २० ते ४० सेकंद, आणि अशा निदान चार लागोपाठ आल्या तरच माळ धरायची. इंग्लंडचे चार्ल्स सायमंड्स यांनी १९५३ मध्ये या झटक्यांवर लिहिलं. पुढं इटलीत बोलोन्याच्या एलिओ लुगारेझी यांनी झोपेतल्या विद्युत-आलेखांवर या हालचाली पकडल्या आणि त्यांचा अस्वस्थ पायांशी संबंध दाखवला. अस्वस्थ पाय असणाऱ्या दहांपैकी सुमारे आठ जणांना झोपेत या हालचाली होतात. रात्रीच्या पूर्वार्धात त्या जास्त असतात.

अंगठा वर जाणं, घोटा वळणं, गुडघा दुमडणं, हा क्रम वाचला तेव्हा मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. फळ्यावर मी जी प्रतिक्षिप्त क्रिया शिकवते, काटा रुतला की पाय आपोआप मागे घेतला जातो, तिचीच ही जुळी बहीण. ही क्रिया मेरुरज्जूत मुळातच रचलेली आहे. मोठ्या माणसात मेंदू वरून तिला आवरून धरतो. बाळाच्या तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो, कारण वरून येणारे मज्जामार्ग अजून पक्के झालेले नसतात. पॅरिसच्या जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये याच खुणेवरून मोठ्या माणसातली मज्जामार्गाची इजा ओळखायला शिकवलं. आणि अपघातात मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांच्या पायांतही झोपेत अशाच लयबद्ध हालचाली दिसतात. तिथं तर वरचा हुकूम पोहोचण्याचा प्रश्नच नाही. यावरून असं दिसतं की पाय झाडण्याची रचना खाली, मेरुरज्जूतच आहे. रात्री पेंगणाऱ्या गाडीवानाच्या हातातला कासरा सैल पडतो आणि बैल आपल्या चालीनं चालू लागतात, तसं ते होतं.

हा कासरा धरून ठेवणाऱ्या रसायनांत डोपामाइन महत्त्वाचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून डोपामाइन वापरणाऱ्या पेशींचे तंतू थेट मेरुरज्जूत उतरतात. शरीरातलं डोपामाइनचं काम दिवसरात्रीच्या तालावर चढतं-उतरतं, रात्री मंदावतं. म्हणून आजारही रात्रीचा. आणि डोपामाइन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला), म्हणजे टायरोसिन हायड्रॉक्सिलेजला, काम करायला लोह लागतं. लोह! ज्या आजाराला आम्ही दमणूक समजत होतो, त्याचा एक धागा मायच्या ताटापर्यंत जात होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण. अस्वस्थ पायांचा आजार बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो, गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत उसळतो आणि बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो. लोहाची कमतरता हे त्यामागचं एकमेव कारण म्हणता येणार नाही, पण ही आकडेवारी शेजारी शेजारी ठेवली की आपल्या घरातल्या किती बायका रात्री ओट्यावर चालत असतील, हा विचार मनातून जात नाही.

खरी मेख यापुढं आहे, ती प्रत्येक बाईनं वाचावी असं मला वाटतं. मायचं हिमोग्लोबिन १२ च्या वर होतं. "रक्त चांगलं आहे" म्हणून कागद परत यायचा. हिमोग्लोबिन म्हणजे चालू खर्चातलं लोह. साठ्यातलं लोह फेरिटिनवरून कळतं, आणि ते कुणी तपासलंच नव्हतं. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी सांगितलं म्हणून तपासलं, तर १४ आलं. लॅबच्या कागदावर तेही "नॉर्मल" रकान्यात बसत होतं, कारण तो रकाना दहा-पंधरापासूनच सुरू होतो. पण अस्वस्थ पायांच्या रोग्यांसाठी तज्ज्ञांचं मार्गदर्शन वेगळं आहे. त्यांच्यात फेरिटिन ७५ किंवा त्याच्या खाली असेल तर लोह देण्याचा विचार करावा, असं २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी सांगतात. कारण मेंदूतलं लोह रक्तातल्या लोहापेक्षा आधी आटू शकतं. अशा रोग्यांच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, त्यात डोपामाइनच्या पेशी मेलेल्या नव्हत्या, त्यांत लोह कमी होतं. पेशी जिवंत आहेत, उपाशी आहेत. मला या वाक्यानं फार आधार दिला, का ते पुढं सांगते.

मायला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उपाशीपोटी, लिंबाच्या सरबतासोबत, आणि चहा त्यापासून चांगला दूर. हा चहाचा भाग सगळ्यात अवघड गेला. आमच्याकडे जेवणाला लागूनच चहा होतो, पाहुणा आला की पुन्हा होतो, आणि चहातलं टॅनिन लोह आतड्यात अडवून धरतं. ज्वारी, बाजरी, डाळींत लोह आहे, पण त्यातलं फायटेट त्याला सहज सुटू देत नाही. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर कांदा-लिंबू घेण्याची आमची जुनी रीत इथं कामी येते, लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या वेळेला नको. काही महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासलं, चढलं होतं. मायच्या रात्रीच्या फेऱ्या आधी विरळ झाल्या, मग बहुतेक थांबल्या.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. काहींना गॅबापेंटिन, प्रेगाबालिन अशी औषधं लागतात. डोपामाइनसारखं काम करणाऱ्या गोळ्या पूर्वी सगळ्यात आधी लिहून दिल्या जायच्या. त्यांनी सुरुवातीला जादू झाल्यासारखं वाटतं, पण वर्षं गेली की कित्येकांचा त्रास संध्याकाळऐवजी दुपारीच सुरू होतो, पायांतून हातांतही जातो. म्हणून आता डॉक्टर त्या जपून देतात. उलट सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधं यांनी पाय जास्त चाळवतात. झोप येत नाही म्हणून सर्दीची गोळी घेऊन पडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांची रात्र अधिकच वाईट जाते. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांतही हा त्रास पुष्कळ असतो. आणि लोह मनानं घेऊ नये. नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे, तिथं पाय दुखण्याचं कारण वेगळं असू शकतं. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं. तपासणी आधी, गोळी नंतर.

आमच्या शाळेत दर आठवड्याला मुलींना लोहाची निळी गोळी दिली जाते. मळमळतं म्हणून काही जणी ती पटकन खिडकीबाहेर टाकतात. आता मी त्यांना हिमोग्लोबिनचा आकडा सांगत बसत नाही. रात्री पाय शिवशिवतात का, बाकावर बसलं की पाय सारखे हलवावेसे वाटतात का, घरी आईच्या पायांचं काय, असं विचारते. हात वर येतात. हा आजार घराण्यात चालतो. २००७ साली आइसलंडमधल्या संशोधकांना बीटीबीडी-९ नावाच्या जनुकाचा असा एक प्रकार सापडला, की तो असणाऱ्यांच्या पायांत झोपेतल्या हालचाली जास्त आणि रक्तातलं फेरिटिन कमी होतं. एकाच जनुकात पाय आणि लोह दोन्ही. आमच्या घरात मायनंतर माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटऱ्यांत ते आहे.

आता आबा, माझे आजोबा. त्यांची गोष्ट मुळातच वेगळी, आणि ती मायच्या गोष्टीत मिसळू नये म्हणूनच इथं सांगायला हवी.

आबा पहाटेकडे, चांदणी वर आल्यावर, झोपेत लढायचे. मोठ्यानं ओरडायचे, "धर रे धर!", हात उगारायचे, लाथा मारायचे. एकदा बाजेवरून खाली पडून भुवई फुटली. डोळे मिटलेले. हलवून उठवलं की लगेच भानावर येऊन सांगायचे, रानडुकरं पिकात घुसली होती. आजी म्हणायची, "रातभर डुकरं हाकलतस." गावात कुणी बाहेरचं काही म्हणालं, लिंबू उतरवून झालं. आबा जागेपणी अतिशय मऊ स्वभावाचे. बैलालाही कधी चाबूक लावला नाही. तरी झोपेत त्यांचा हात आजीला लागायचा आणि सकाळी ते तिच्याकडे बघायला लाजायचे.

स्वप्नं मुख्यतः ज्या झोपेत पडतात, तिला डोळ्यांच्या जलद हालचालींवरून रेम झोप म्हणतात. शिकागोमध्ये युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथनिएल क्लाइटमन यांनी ती १९५३ मध्ये दाखवून दिली. या झोपेत मेंदू जागेपणाइतका धावत असतो, पण श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू सोडले तर अंग जवळजवळ लुळं केलेलं असतं. मेंदूच्या देठातून निघालेला आदेश मेरुरज्जूतल्या चालक पेशींना गप्प बसवतो. फ्रान्समध्ये लिऑनच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूच्या देठातला तेवढाच भाग निकामी केला, तेव्हा गाढ झोपेतली मांजरं उठून न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालू लागली. माणसांत हाच आजार मिनिआपोलिसचे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये मांडला. म्हणजे आबांच्या अंगात शिरलेलं काही नव्हतं. देठातली ती कडी निखळली होती आणि स्वप्न हातापायांत उतरत होतं.

पुढं काही वर्षांनी आबांचा उजवा हात कापू लागला. पाऊल लहान पडू लागलं, आवाज खोल गेला. पार्किन्सन. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांना भाजीचा वास येईनासा झाला होता. वांगी भाजल्याचा वासही न येणारा खान्देशी माणूस, आणि घरात कुणी विचार केला नाही. पोट साफ न होण्याची तक्रारही जुनीच होती. हे सगळं एकाच माळेतलं आहे. या आजारात अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन पेशींत साचत जातं. अनेकांत ते मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात आधी साचतं आणि नंतर हालचाली सांभाळणाऱ्या भागात चढतं. म्हणून झोप आधी बिघडते, हात नंतर कापतो. २०१९ मध्ये अनेक देशांतल्या झोप-केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, दुसरं काही कारण नसताना हा झोपेचा विकार असलेल्या रोग्यांपैकी बारा वर्षांत सुमारे ७३ टक्क्यांना पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला विकार झाला.

हा आकडा लिहिताना माझा हात अडखळतो, कारण तो रोखण्याचा सिद्ध उपाय आज नाही. मग सांगावं कशासाठी? मला वाटतं, सांगावंच. मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपामनं झोपेतला हैदोस पुष्कळ कमी होतो. बाज काढून अंथरूण जमिनीवर घालता येतं, उशाशी ठेवलेली कुऱ्हाड, कंदील, पाण्याचा तांब्या दूर करता येतो. आजीला शेजारी वेगळं झोपता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आबांची लाज गेली असती. नैराश्याच्या काही औषधांनीही असं होऊ शकतं, तेव्हा प्रत्येकाच्या नशिबी पार्किन्सनच आहे असंही नाही. ते ठरवायला माणूस मेंदूविकारतज्ज्ञापुढं जायला तर हवा.

मायला जेव्हा कळलं की तिच्या पायांचा संबंध डोपामाइनशी आहे आणि आबांच्या कंपाचाही डोपामाइनशीच, तेव्हा ती घाबरली. "मना हात बी कापतीन का?" सासऱ्याचे शेवटचे दिवस तिनंच काढले होते. म्हणून मघाचं ते वाक्य. आबांच्या मेंदूत डोपामाइनच्या पेशी मरत होत्या. हाताचा कंप दिसू लागतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. मायच्या पेशी जिवंत होत्या. अस्वस्थ पाय ही पार्किन्सनची पहिली पायरी नव्हे. हे मी तिला वहीवर चित्र काढून समजावलं, तिनं चित्र नीट पाहिलं आणि "बरं" म्हणाली. त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही.

एक तिसरा प्रकार थोडक्यात, पण महत्त्वाचा. झोपेतली फीट. रात्रीतून पुन्हा पुन्हा, दरवेळी हुबेहूब तशीच हालचाल, अंग कडक होणं, जीभ चावली जाणं, कपडे ओले होणं, सकाळी अंग ठेचल्यासारखं दुखणं. अशा वेळी कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवावं, घड्याळ बघावं, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठावा. आणि जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरांना त्या एका मिनिटातून जे दिसतं ते आपल्या तासभर सांगण्यातून कळत नाही. पाय झाडण्याचा, स्वप्नात लढण्याचा व्हिडिओही तितकाच कामाचा. झोपेची तपासणी, म्हणजे डोक्याला, छातीला, नडगीवरच्या स्नायूला तारा लावून रात्रभर नोंद, ती सगळ्यांना लागत नाही. अस्वस्थ पाय प्रश्नांवरूनच कळतात. स्वप्नातल्या लढाईची खात्री करायला मात्र ती लागते. झोपेत पाय हलणाऱ्या प्रत्येकाला औषध हवं असंही नाही. उतारवयात कित्येकांचे पाय हलतात आणि त्यांना दिवसा काहीच त्रास नसतो.

आता गच्च्या रिकाम्या झाल्या आहेत. कूलर, मग एसी, मग प्रत्येकाची खोली आणि खोलीचं दार. सुख आहे, मी ते नाकारत नाही. मे महिन्यात मलाही बंद खोलीच लागते. पण मुलं पुण्याला, नवरा वारलेला, अशा कितीतरी बाया धुळे-जळगावच्या फ्लॅटांत एकट्या झोपतात. त्यांच्या रात्री कुणी पाहत नाही. आमच्याच इमारतीतल्या एक काकू सकाळी उठल्यावर कायम थकलेल्या. थायरॉइड, साखर, सगळं तपासून झालेलं. परवा जिन्यात सहज बोलताना म्हणाल्या, "माझ्या चादरी नेहमी पायाकडूनच फाटतात, का कोण जाणे." मी त्यांना घरात नेऊन बसवलं आणि ते चार-पाच प्रश्न एकेक करून विचारले. संध्याकाळी पायांचं काय होतं या प्रश्नावर त्यांनी माझा हात धरला आणि तीस वर्षांचं सगळं सांगू लागल्या. बाळंतपणापासूनचं. नवरा असताना तो म्हणायचा, तू रात्री सायकल चालवतेस. पुढच्या आठवड्यात फेरिटिनसाठी रक्त द्यायचं आहे, सोबत मी जाणार आहे. नवऱ्याचं ते सायकलचं वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.